जर्मन बैलाचा बेंदूर

दौलू खराडेने गाडीच्या पुढच्या जाळीला तोंड लावलं आणि आतल्या रेडिएटरला हळूच सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या."

मग कान लावून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"येतो म्हनतोय. पन पुरन गोड पायजे म्हनला."

ज्याला हे आवतण चाललं होतं तो बैल नव्हता. ती जर्मनांची लष्करी गाडी होती. पुढे ट्रकासारखी दोन चाकं आणि मागे रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे. एखाद्या कारकुनाने वर कोट घालून खाली धोतर नेसावं तसा तिचा अवतार. इंग्रज तिला हाफट्रॅक म्हणत. जर्मनांनी ती जड तोफा ओढण्यासाठी बनवली होती, आणि आता ती आमची तोफ ओढत होती. आम्ही तिला माणक्या म्हणायचो. साल चव्वेचाळीस, महिना आषाढाचा, मुलूख इटलीचा. पलटणीच्या पंडितजींनी पंचांग बघून सांगितलं होतं की उद्या बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, आहे, आणि तेवढ्यावर दौलू पेटला होता.

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते. जिथे जू घासतं तो खांदा हळद आणि तुपाने मळायचा. माणक्याला खांदा कुठे, यावर दौलूने सकाळभर विचार केला. शेवटी तो गाडीच्या मागे गेला, तोफ अडकवायच्या लोखंडी आकड्यापुढे मांडी घालून बसला आणि लंगरखान्यातली हळद ऑलिव्हच्या तेलात कालवून त्या आकड्याला चोळू लागला.

"अरे, बैलाचा खांदा पुढं असतो," मी म्हणालो. "हे तर शेपटीखाली आलं."

"जितं वझं येतं त्यो खांदा," दौलू म्हणाला. "तू डायवर मानूस. तुला बैलातलं काय कळतंय?"

तो तोफेचा नेम धरायचा, आणि नेम सोडला तर त्याच्या डोक्यात बैलांखेरीज काही नव्हतं. आमची गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांना, कऱ्हाड तालुक्यात. पण लढाई नसती तर आम्ही एकमेकांशी चार शब्दही बोललो नसतो, कारण त्याच्या आज्याने माझ्या आज्याला कुस्तीत चितपट केलं होतं आणि आमच्या घरात ते कुणी विसरलं नव्हतं.

माणक्या आम्हाला कसा मिळाला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमची तोफ रणगाडे फोडायची. तीन टनांची, लांब नळीची, स्वभावाने सासूसारखी. ती ओढायला सरकारने ट्रक दिला होता आणि तो ट्रक मी चालवायचो. मे महिन्यात एका नदीच्या काठच्या चिखलात त्याची चाकं रुतली. शत्रूच्या तोफा मोजून गोळे टाकत होत्या. आमच्या सहा जणांनी तोफेला खांदे लावले. मी आत बसून ॲक्सिलेटर दाबत होतो, चाकं जागच्या जागी फिरत होती, आणि बाहेर माणसं बैलांचं काम करत होती. त्यात गणपा साळुंखे गेला. तोफ निघाली तेव्हाही त्याचा हात तिच्या चाकाच्या आऱ्यात होता. मी त्या दिवसापासून कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचो नाही.

जूनमध्ये एका द्राक्षाच्या मळ्यात ही जर्मन गाडी उभी सापडली. तिला ओरखडासुद्धा नव्हता, फक्त टाकी कोरडी होती. सगळी दुनिया जिंकायला निघालेल्या माणसाला दोन डबे पेट्रोल जमलं नव्हतं. आम्ही पेट्रोल घातलं, इंजिनाने एक ढेकर दिला आणि सुरू झालं.

सुरू झालं, पण वळेना. चक्र थोडं फिरवलं की नुसती पुढची चाकं वळायची, आणि जास्त फिरवलं की एका बाजूचा पट्टा आपोआप आवळला जाऊन सबंध गाडी गर्रकन फिरायची. पहिल्याच दिवशी मी मळ्याच्या मालकाची दगडी भिंत पाडली. मालक म्हातारा, नाव बेप्पे. तो मला काय बोलला ते कळलं नाही, पण आईचा उद्धार कुठल्याही भाषेत कळतो.

दौलू मागच्या बाकावर हसून लोळत होता. "आरं, त्यो आतला बैल दाबून धरतोय आन भायेरचा सोडतोय," तो म्हणाला. "गाडी वळवताना आपन दुसरं काय करतो? तू त्याच्याशी भांडू नगंस. त्याला वळू दे."

मी भांडायचं सोडलं आणि गाडी वळली. त्या दिवसापासून तिचं नाव माणक्या पडलं. तीन आठवडे माणक्याने तोफ डोंगरावर चढवली, ओढ्यातून काढली, नांगरलेल्या रानातून नेली. कुणाला खांदा लावावा लागला नाही. मला पुन्हा झोप येऊ लागली होती.

आणि मग कॅप्टन प्रेस्टनसाहेबांनी बोलावलं. साहेब चांगला होता. पलटणीतली हिंदुस्थानी बोलायचा, नदी पार करणाऱ्या शेळीसारखी, एकेक पाय जपून.

"बयाजी, हुकूम आया है. दुश्मन की सब गाड़ी वर्कशॉप में जमा. परसों उनका अफ़सर देखने आएगा."

"साहेब, ही गेली तर तोफ परत ट्रकाला."

"मालूम है." साहेबाला गणपाही माहीत होता. "गाड़ी अच्छी दिखाओ. मैं बोलूँगा. शायद छोड़ देगा." मग त्याने माणक्याच्या बॉनेटकडे बोट केलं. तिथे आम्ही मोठा पांढरा तारा रंगवला होता, आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून. "और ये सितारा. ऊपर से हमेशा दिखना चाहिए. हमेशा. ये तुम्हारी ज़िम्मेदारी."

मी टाच आपटून सलाम ठोकला. हे बोलणं झालं तेव्हा तिथे आम्ही दोघेच होतो.

तर असा बेंदूर उजाडला. त्या दिवशी बैलाला जुंपायचं नसतं. दौलूने सकाळीच तोफ सोडून झाडाखाली, विमानांपासून लपवायच्या जाळीखाली ढकलायला लावली आणि हवालदारापुढे उभा राहिला. आमचे हवालदार हैबती जगदाळे. मिशा अशा की शत्रूने आधी त्यांनाच शरण जावं.

"लढाईला बेंदूर ठावं हाय का रं?" हवालदार म्हणाले.

"लढाईला नसंल, हवालदार. बैलाला हाय."

"आन हुकूम आला तर?"

"तर जुपू. पन आला न्हाई तवर त्याला आराम. तीन आठवडं वडलंय त्यानं."

हवालदार वरवर तोफखान्याचे, आतून शेतकरीच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पन एक ऐका. काय बी रंगवा, स्वस्तिक काढू नगा. त्यो जर्मनाचा शिक्का हाय. वरनं कुनी बघितलं तर आपल्याच नावानं शिमगा व्हईल."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. हवालदार किती पुढचा विचार करतात याचं आम्हाला कौतुक वाटलं. आम्हीही मोठे शहाणे. आम्ही स्वस्तिक काढलं नाही. गेरूचे पट्टे काढले, पुढच्या दिव्यांना घंटा बांधल्या, आरशाला गोंडे लावले. डाळीचं पुरण साखर घालून शिजवलं. पोळ्या जाड झाल्या, पण माणक्याने तक्रार केली नाही.

मग दौलू झूल घेऊन आला.

ती त्याने बेप्पेकडून मिळवली होती. त्या मुलखातले बैल पांढरेशुभ्र, हत्तीएवढे. बेप्पेची जोडी जाताना जर्मन घेऊन गेले होते आणि त्यांची लाल लोकरी झूल तेवढी गोठ्यात राहिली होती. दौलूने त्याला खुणेने काय सांगितलं देव जाणे. म्हातारा रडला, दौलूही रडला, आणि झूल हातात घेऊन दौलू परत आला. तेवढ्यावर तो थांबला नाही. पॅराशूटच्या पांढऱ्या कापडाचा ताटाएवढा गोल कापून त्याने झुलीच्या मधोमध शिवला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"चांद. कपाळावर चांद असलेला बैल लई गुनाचा."

तो ती झूल बॉनेटवर टाकायला लागला आणि मी आडवा आलो. "तारा झाकतोय. न्हाई जमायचं."

"मग काय, सनाच्या दिवशी बैल बोडका ठेवू?"

"साहेबाची ताकीद हाय, दौलू."

"आरं, बेप्पेच्या खळ्यापत्तोर मिरवत न्यायचा आन परत आनायचा. अर्धा तास." त्याने झूल छातीशी धरली. "आन तुझा तारा झाकला तर माझा चांद हाय की. वरच्याला चांदनी काय आन चांद काय?"

सगळे हसले. मीही हसलो. आता खोटं कशाला बोलू, मला ती झूल आवडली होती. तीन आठवडे ज्याच्यामुळे मला झोप लागत होती, त्याला नटलेलं बघायचं होतं. हवालदार पंडितजींशी बोलत होते, साहेब ब्रिगेडला गेले होते. विचारायला कुणी नव्हतं आणि मी विचारलंही नसतं.

"दे हिकडं," मी म्हणालो. "तू बांधलीस तर पहिल्या वळनाला उडंल."

मी झुलीचे चारही कोपरे दोरीने बांधले. ट्रकावर माल आवळताना मारतात तशा गाठी, पाय देऊन ओढलेल्या. त्या गाठीबद्दल सबंध तुकडीत माझं नाव होतं.

वाजतगाजत निघालो. वाजवायला डबे होते आणि गाजवायला आमचे गळे. मी गाडी चालवत होतो, दौलू पुढे कासरा धरल्यासारखा दिव्याला हात लावून चालत होता. हवालदारही मागून येऊन मिळाले. खळ्यावर बेप्पेच्या बायकोने माणक्याच्या पट्ट्यावर पाणी ओतलं. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. बेप्पेने झुलीवरून हात फिरवला. दौलूने पोळीचा घास जाळीत कोंबला. मी इंजिन बंद करून खाली उतरलो, कारण नैवेद्याच्या वेळी बैल हलू नये असं दौलूचं म्हणणं.

तेव्हा विमानं आली. दोन. आपलीच.

आम्ही वर बघून हात हलवले. रोजच हलवायचो. पण पहिलं विमान एका अंगावर कललं आणि सरळ खाली यायला लागलं, तेव्हा हवालदार ओरडले, "पडा! पडा!" आम्ही खळ्याच्या मागच्या चरात उड्या टाकल्या. जमीन उकळल्यासारखी उडाली. माणक्याच्या मागच्या बाकांच्या चिंधड्या झाल्या, बेप्पेची गवताची गंजी पेटली.

"आपलंच हाय की त्ये!" कुणीतरी रडत म्हणालं. "आपल्यावर कशापायी?"

हवालदार डोकं वर काढून माणक्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "लाल कापड," ते म्हणाले. "लाल कापडावर पांढरा गोल. जर्मन त्येचाच झेंडा पसरत्यात बॉनेटवर, त्येंच्या इमानास्नी दिसाया. इतक्या उंचावरनं मधला शिक्का कुनाला दिसतोय!"

आम्हाला कळायच्या आत दौलू चरातून बाहेर पडला होता.

"दौलू, मागं ये!" मी ओरडलो. "जळू दे त्याला!"

"बांधलेला हाय त्यो!" तो पळता पळता म्हणाला. गोठा पेटला की दावणीचा बैल सोडायला पळतात, तसा तो पळाला. कुठल्याही शेतकऱ्याने तेच केलं असतं, फक्त त्यांचे बैल खरे असतात.

त्याने पहिल्या कोपऱ्याला हात घातला. ओढलं. गाठ सुटेना. दाताने ओढलं. मी चरात पालथा पडून बघत होतो आणि मला ती गाठ कशी मारली होती ते बोटाबोटाने आठवत होतं. दौलूने कमरेची संगीन काढली आणि दोरी कापायला घेतली. एक कोपरा कापला. दुसरा कापला. दुसरं विमान वळून समोरून येत होतं. तो बॉनेटवर चढला, तिसरा कापला, आणि झूल दोन्ही हातांनी मागे फेकली. पांढरा तारा उघडा पडला. त्यावर उभा राहून तो हात हलवत होता. पण त्याच्या आधीच गोळ्या निघाल्या होत्या.

वैमानिकाला तारा दिसला असावा, कारण विमान एकदम वर उचललं गेलं. मग त्याने डावा-उजवा पंख हलवला आणि दोन्ही निघून गेली. पंख हलवणं म्हणजे आम्ही मित्र आहोत. तेवढं बरं झालं, नाहीतर आमचा गैरसमज झाला असता.

दौलू बॉनेटवर पालथा होता. मी त्याला खाली घेतला तेव्हा त्याने डोळे उघडले. "चालू करून बघ," तो म्हणाला.

"दौलू, गप पड."

"चालू कर की, भाड्या."

मी वर चढून बटण दाबलं. माणक्या सुरू झाला. खाली उतरेपर्यंत दौलू गेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा साहेब आला. त्याने माणक्याभोवती फेरी मारली, भोकांत बोट घालून बघितलं, जळके बाक बघितले आणि प्रेस्टनसाहेबाला म्हणाला की असली चाळणी आम्हाला नको, तुम्हालाच लखलाभ. आम्हाला हवं होतं ते मिळालं. प्रेस्टनसाहेबाने मला विचारलं, "सितारा किसने ढका?" मी बोलायच्या आधी हवालदार म्हणाले, "जो गया उसने, साहेब." हवालदारांनी मला वाचवलं, आणि मी वाचलो. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे लढाई संपेपर्यंत माणक्याने तोफ ओढली. इटलीच्या त्या हिवाळ्यात चिखल असा होता की माणसं कमरेपर्यंत जायची, पण आमच्यातल्या एकालाही खांदा लावावा लागला नाही.

शेहेचाळीसच्या मे महिन्यात मी सुटून घरी आलो. आठ दिवस ओढ्याच्या अलीकडे फिरलो, मग पलीकडे गेलो. दौलूची बायको सगुणा रानात होती. एका हाताने कुळव आणि दुसऱ्या हाताने एका बैलाचा कासरा धरून ती बांधाशी झटत होती. मी नाव सांगितलं. ती थांबली.

"सरकारचा कागद आला हुता," ती म्हणाली. "दुश्मनाच्या गोळीनं गेलं म्हून. खरं हाय का?"

"न्हाई, वैनी. बेंदराच्या दिशी गेला. बैल वाचवाय गेला."

मी प्यायलो आहे का, अशा नजरेने तिने बघितलं. मग मी बांधावर बसून सगळं सांगितलं. गाडी, आवतण, हळद, झूल, चांद, आपलीच विमानं. ती उभ्यानेच ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मग, वाचला का बैल?"

"वाचला. लढाई संपस्तवर वडत हुता."

"मग तुमच्या सरकारानं कागदाऐवजी त्यो बैल तरी लावून द्यायचा. हितं माझा येकच उरलाय. दुसऱ्या अंगाला काय मी मान दिऊ?"

मला हसू फुटलं. मला माझीच लाज वाटली, पण आवरेना. तीही हसली, पदर तोंडात कोंबून, आणि हसता हसता मटकन खाली बसून हमसून रडायला लागली. मीही रडलो. इटलीत रडलो नव्हतो.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "वैनी, अजून येक हाय. तारा झाकू नगंस म्हून साहेबानं मला सांगितलं हुतं. त्याला न्हाई. आन झूल मी बांधली. त्याला सोडता आली न्हाई इतकी आवळून बांधली. मग साहेबानं इचारलं तवा सगळं दौलूच्या नावावर जाऊ दिलं."

ती डोळे पुसायची थांबली. मी खाली मान घालून बसलो. तिने थोबाडीत दिली असती, ढेकूळ उचलून डोक्यात घातलं असतं, तर मी आनंदाने घरी गेलो असतो.

"तुमच्यात बैलं हायती?" तिने विचारलं.

"जोडी हाय. थोरल्या भावाची."

"मग उद्या घिऊन या. वरचं रान तसंच पडलंय. पाऊस तोंडावर आला."

"येतो," मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. "एवढंच, वैनी?"

"एवढंच कसं?" सगुणा उठली आणि कासरा हातात घेतला. "रान दर साली पडतंय."